कानबाईचा जागर आणि चार स्वरसंघातांचे चक्र

नागपंचमी झाली की खानदेशातील घराघरांतून रोटाचे गहू निवडले जाऊ लागतात. पंचमीनंतरच्या रविवारी कानबाई माउली पाटावर येते, नारळाला नथ चढते, रात्रभर जागर होतो आणि सोमवारी पांझरेच्या किंवा गिरणेच्या काठी तिला निरोप दिला जातो. धुळे-जळगावकडील भाविक वाचकांना हे सांगावयास नकोच. परंतु त्या निरोपाच्या मिरवणुकीत अलीकडे जे संगीत वाजते, त्याविषयी आमच्या कानी दोनच मते येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, हा धांगडधिंगा बंद करा. तरुण म्हणतात, नाचल्यावाचून माउली कशी जाईल? आम्हांस दोन्ही मते अपुरी वाटतात. कारण जे वाजते ते मुळात काय आहे, हे कोणी कान देऊन ऐकत नाही. (आवाजाच्या पातळीचा प्रश्न निराळा. त्यासाठी २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. आमचा मुद्दा गाण्याच्या आतला आहे.)

घरात पेटी असेल तर ती पुढे ओढावी. सा, ग, प या तीन पट्ट्या एकदम दाबाव्यात. वादक मंडळी ज्याला कॉर्ड म्हणतात तो स्वरसंघात हाच. त्यानंतर प-नि-रे, मग ध-सा-ग, शेवटी म-ध-सा, आणि पुन्हा आरंभीचा सा-ग-प. सगळे शुद्ध स्वर, बिलावल थाटातले. नवखे असे काहीच नाही. परंतु एवढ्या चार संघातांवर आजच्या जगातील नाचाची असंख्य गाणी उभी आहेत. बीटल्स या इंग्रज गायकवृंदाचे १९७० सालचे 'लेट इट बी' याच क्रमाने सुरू होते, आणि ते तर नाचाचे गाणेही नव्हे. २०१७ साली जगभर गाजलेले 'देस्पासितो' हे चक्र ध पासून फिरवते : ध, म, सा, प. मागे जावयाचे तर १७०६ साली निवर्तलेल्या पाखेल्बेल या जर्मन रचनाकाराच्या 'कॅनन'चा आरंभही सा, प, ध असाच आहे. चक्राच्या शेवटी म वरून सा वर येताना जो विसावा मिळतो, तो ख्रिस्ती प्रार्थनेतील 'आमेन'चा विसावा होय. तेव्हा या संगीताचा उगमच अमंगल आहे, असे म्हणणाऱ्यांनी थोडे थांबावे.

त्याची मोहिनी कशात आहे, हेही पेटीवरच कळते. उजव्या हाताने वरचा सा धरून ठेवावा आणि डाव्या हाताने खाली चक्र फिरवावे. सा-ग-प वर तो सा घरी असतो. प-नि-रे वर तो परका होतो, अस्वस्थ होतो. ध-सा-ग वर त्यालाच कारुण्याची छटा येते, आणि म-ध-सा वर तो उमलतो. स्वर हललेला नाही. त्याच्या पायाखालची भूमी मात्र हलली. आमच्या भजनात एकतारीची भूमी स्थिर असते आणि स्वर तिच्यावर हिंडतो. येथे नेमके उलटे. शिवाय प्रत्येक संघाताला चार मात्रा दिल्या की चक्राच्या मात्रा सोळा होतात, म्हणजे आपल्या तीनतालाइतक्याच. मिनिटाला १२० ठोके धरले तर आठ सेकंदांत एक आवर्तन पुरे. पाय थांबणार कसे?

येथपर्यंत आम्ही तरुणांच्या बाजूचे आहोत. पेटी तरी आपली कोठे होती? एकोणिसाव्या शतकात ती युरोपातून आली. १९४० साली आकाशवाणीने तिला दाराबाहेर केले, ती बंदी १९७१ साली सैल झाली. तोवर तिच्यावाचून आपल्या घरची एकही आरती अडली नव्हती.

आमचे भांडण मिरवणुकीशी नाही, जागराशी आहे. गेल्या वर्षी धुळ्यातील एका स्नेह्यांच्या घरी आम्ही जागराला बसलो होतो. त्या घरच्या नातवाने आजीची कानबाईची गाणी आधीच मोबाईलवर घेऊन, एका कॅसिओवाल्याकडून त्यांना चाल 'बसवून' आणली होती. ढोलकीचा ठेका होता, खाली तेच चार संघात होते. मंडळी डोलू लागली. गाणे संपले तेव्हा आजींनी विचारले, "आमना घरना नावं कोठे गयात रे भाऊ?"

प्रश्न साधा नव्हता. बायकांच्या या गाण्यांत घरातील माणसांची नावे ओवली जातात. माहेरची, सासरची, नव्या सुनेचे, तान्ह्या बाळाचे. ज्या घरी पाच माणसे तेथे गाणे लहान, ज्या घरी पंचवीस तेथे ते लांबते. कोणते नाव दोन अक्षरी, कोणते पाच अक्षरी. त्यासाठी ओळ ताणावी लागते, एखादी मात्रा थांबावी लागते. चाल असते चार-पाच स्वरांची, आणि तिला हे सारे पेलते. अनेक घरांत माणसे मोजून सव्वाच्या मापाने रोटाचे गहू घेतात ना, तसेच हे गाणेही माणसे मोजून घेतले जाते. सोळा मात्रांच्या चक्राला ही मोजणी परवडत नाही. आठव्या सेकंदाला त्याला घरी पोचावयाचे असते. त्यामुळे कॅसिओवाल्याने नावे गाळली आणि ध्रुपद चार वेळा घातले. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. चक्र हाती घेतल्यावर दुसरा मार्ग नव्हता.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे की, जागराच्या गाण्याला चक्रात बसवू नये. चक्राने गाण्यासाठी थांबावे. नावे सुरू झाली की वादकाने केवळ सा-प धरून ठेवावा, ठेका मंद करावा, आणि शेवटचे नाव येऊन ध्रुपद परतले की खुशाल चारही संघात फिरवावेत. कोणत्याही कसलेल्या वादकाला हे अवघड नाही. आणि ज्या आज्या आज गातात, त्यांची गाणी आधी जशीच्या तशी, पेटीशिवाय, नावांसकट ध्वनिमुद्रित करून ठेवावीत. चालीला साज नंतरही चढवता येतो. गळलेली नावे मात्र पुढे कोणाला आठवणार?

त्या रात्री नातवाने मोबाईल बंद केला आणि देव्हाऱ्याजवळची पेटी काढली. त्याला सा आणि प एवढेच येत होते. आजींनी आरंभ केला. थोरल्या दिरापासून सुरू झालेली नावे पुण्यात नोकरीला असलेल्या धाकट्या नातीपर्यंत आली, तेव्हा भात्यावरचा त्याचा हात दुखू लागला होता. तेवढ्यात शेजारच्या घरच्या बायकाही येऊन बसल्या आणि त्यांनी आपल्या घरची नावे पुढे जोडली.