कासव अन्न सोडते तेव्हा



‘आमचे कासव चार-सहा दिवस काही खात नाही, मान-पाय आत ओढून एका कोपऱ्यात पडून असते, काय करावे?’ हा प्रश्न अलीकडे आपल्या समाजातील अनेक घरांतून ऐकू येतो. त्याला मिळणारी उत्तरेही ठरावीक आहेत. ‘कासव महिनोन्महिने उपाशी राहते’, ‘थंडीत ते झोपतेच’, ‘त्याचा स्वभावच संथ’. तिन्ही विधानांत थोडे थोडे तथ्य आहे, आणि म्हणूनच ती घातक आहेत. त्यांच्या भरवशावर दिवस जातात आणि एके सकाळी त्या मुक्या जिवाचे प्राण गेलेले असतात.

आपल्याला कासव परके नाही. विसावे तीर्थंकर मुनिसुव्रत स्वामी यांचे ते लांछन. पैठणच्या अतिशय क्षेत्री किंवा ठाण्याच्या मंदिरात दर्शनाला जाणाऱ्यांनी हे चिन्ह अनेकदा पाहिले असेल. ‘ज्ञाताधर्मकथा’ या आगमात दोन कासवांची व दोन कोल्ह्यांची कथा आहे. ज्याने उतावीळपणे पाय बाहेर काढले ते कोल्ह्यांच्या तावडीत सापडले, ज्याने अंग आवरून धरले ते वाचले. इंद्रियसंयमाचा हा दृष्टांत आपण व्याख्यानांतून ऐकत आलो आहोत. मात्र घरातल्या टाकीत अंग आवरून बसलेले कासव संयम पाळत नसते. त्याला बहुधा थंडी वाजत असते, भीती वाटत असते किंवा काहीतरी दुखत असते. उपवास आपण समजून उमजून, पच्चक्खाण घेऊन करतो. कासवाने अन्न सोडले तर त्यामागे कोणताही संकल्प नसतो. ती त्याची तक्रार असते, आणि तक्रार करण्याचा एवढाच मार्ग त्याच्यापाशी असतो.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपल्याला पाठ असतात : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. कासव पाळणाऱ्या घराने यांतील पहिला व शेवटचा एकत्र वाचावा. बांधून ठेवलेल्या जिवाचे अन्नपाणी अडवणे हा दोष आहे हे सर्वांना मान्य असते. ‘पण आम्ही तर रोज ताजी भाजी समोर ठेवतो,’ असे घरची मंडळी म्हणतात. येथेच खरी गोम आहे. कासवापुढे अन्न ठेवले म्हणजे त्याला अन्न दिले असे होत नाही. त्याला ऊब दिली, तरच ते अन्न त्याच्या अंगी लागते.

याचे कारण त्याच्या शरीररचनेत आहे. आपले शरीर आपली उष्णता स्वतः निर्माण करते. कासवाला ती बाहेरून, उन्हातून व तापलेल्या जमिनीतून घ्यावी लागते. भूक, चालणे, पचन, रोगाशी झुंजणे ही सारी कामे त्या उसन्या उष्णतेवर चालतात. ऊब कमी पडली की प्रथम हालचाल मंदावते, मग भूक जाते. त्या अवस्थेत जबरदस्तीने काही भरवले तर ते पचनमार्गात तसेच राहून सडू लागते. म्हणून न खाणाऱ्या कासवाच्या तोंडाशी पाने नेण्याआधी त्याच्या टाकीत तापमापक ठेवावा. शंभर-दोनशे रुपयांच्या या साधनाने निम्म्या घरांतील कोडे सुटेल.

जमिनीवर राहणाऱ्या तारांकित कासवाच्या जागेत एका टोकाला ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब असावी आणि दुसरे टोक २५ ते २८ अंशांपर्यंत थंड असावे, म्हणजे ते आपल्या गरजेप्रमाणे जागा बदलते. रात्री तापमान २० अंशांखाली जाऊ नये. पाण्यात राहणाऱ्या लाल कानाच्या कासवासाठी, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या ‘रेड-इअर्ड स्लायडर’साठी, पाणी २४ ते २७ अंश हवे. शिवाय पाण्याबाहेर येऊन शेकत बसण्यासाठी दिव्याखाली ३० ते ३५ अंशांची कोरडी जागा हवी. आता पुणे, नाशिक, अहिल्यानगर येथील डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आठवा. फरशीचे घर, फरशीवर काचेचे भांडे आणि बाहेर १० ते १२ अंश. उन्हाळ्यातही वातानुकूलित दुकानातील गल्ल्याशेजारचे भांडे दिवसभर गारच राहते. अशा ठिकाणचे कासव ‘आळशी’ नसते, ते गारठलेले असते. ‘थंडीत झोपते’ हे ग्रीक किंवा हर्मन जातीच्या कासवांना लागू आहे. इंग्लंड-युरोपात स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांकडे ती असतात, आणि त्यांची शीतनिद्राही वजन व प्रकृती तपासून, ठरावीक तापमानातच घडवावी लागते. आपले तारांकित कासव तशी शीतनिद्रा घेत नाही.

उबेनंतर प्रकाश. सूर्यप्रकाशातील अतिनील ‘बी’ किरणांच्या साहाय्याने कासवाच्या त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते, आणि त्याच्याशिवाय खाल्लेले कॅल्शियम वाया जाते. पुढे कवच मऊ पडते, जबडा व पाय दुबळे होतात, चावणेही अवघड होते. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात हे किरण जवळजवळ नसतातच, त्यामुळे काचेआडच्या उन्हाचा या कामी उपयोग नाही. सकाळचे कोवळे ऊन अर्धा तास थेट मिळावे, आणि हवे तेव्हा सावलीत जाता येईल अशी सोय असावी. काचेची टाकी मात्र कधीही उन्हात ठेवू नये, ती पाहता पाहता भट्टीसारखी तापते. अतिनील किरणांचा खास दिवा लावला असेल तर तो जळत दिसला तरी त्यातील ते किरण कालांतराने क्षीण होतात, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत तो बदलावा.

तिसरी गोष्ट पाण्याची. जमिनीवरचे कासवही पाणी पिते, आणि शरीरातले पाणी कमी झाले की त्याची भूक मरते. उथळ भांड्यात त्याच्या हनुवटीपर्यंत येईल इतके, सुमारे ३० अंशांचे कोमट पाणी घेऊन त्यात त्याला १५ ते २० मिनिटे बसवावे. बहुतेक वेळा ते पाणी पिते, मलमूत्र विसर्जन करते आणि त्यानंतर मान बाहेर काढून इकडेतिकडे पाहू लागते. अन्न पुढे करण्याची तीच वेळ. हे पाणी स्वयंपाकघरातील मोरीत ओतू नये, आणि कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. कासवांच्या अंगावर साल्मोनेला हे जंतू असतात. लहान मुलांना होणाऱ्या संसर्गामुळे अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली, ती याच कारणाने.

आता अन्न. जमिनीवरचे कासव आपल्या स्वयंपाकघराला साजेसे आहे. त्याला हरळी, इतर गवत, जास्वंदीची पाने व फुले, तुतीची पाने, काटे काढलेल्या निवडुंगाच्या फड्या प्रिय असतात. कंदमुळांची गरज नसते. पालक व कोबी रोज देऊ नयेत. फळे क्वचित द्यावीत, त्यांनी पोट बिघडते. पोळी, भात, डाळ, दूध, बिस्किटे तर मुळीच देऊ नयेत. केवळ काकडी आणि टोमॅटो खाणारे कासव दिसायला भरलेले आणि आतून पोकळ असते. आपला सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम त्यालाही मानवतो. सकाळी अन्न द्यावे, म्हणजे दिवसभराच्या उबेत ते पचते. मात्र एका बाबतीत आपला नियम त्याच्यावर लादला जातो. पर्वतिथींना व पर्युषणात अनेक घरांत हिरवा भाजीपाला येत नाही, आणि मग कासवाच्या वाट्याला कालची सुकलेली देठे किंवा भिजवलेली पोळी येते. नियम आपण घेतला आहे, त्याने नाही. त्या दिवसांसाठी चांगले वाळलेले गवत आधीच साठवून ठेवावे.

लाल कानाच्या कासवाची गोष्ट वेगळी आणि आपल्यासाठी अवघड आहे. वाढत्या वयात ते प्रामुख्याने मांसाहारी असते. मोठे झाल्यावर पाणवनस्पती जास्त खाते, तरी पूर्ण शाकाहारी होत नाही. बाजारातील तयार गोळ्यांतही बहुधा मासळी असते. ‘आमच्या घरी ते भाजीच खाते’ असे अभिमानाने सांगितले जाते, पण पुढे काही महिन्यांनी त्याचे डोळे सुजतात, ते मिटलेलेच राहतात, आणि दिसत नाही म्हणून ते खात नाही. अ जीवनसत्त्वाच्या अभावाचे हे नेहमीचे लक्षण आहे. ज्या जिवाचा नैसर्गिक आहार आपण घरात आणू शकत नाही, तो जीव विकत आणू नये, हेच आपल्या आचाराशी सुसंगत आहे.

ऊब, प्रकाश, पाणी आणि अन्न हे चारही नीट असून प्रौढ कासव आठवडाभर, किंवा पिल्लू दोन-तीन दिवस, काही खात नसेल तर आजार आहे असे धरून चालावे. नाकातून फेस किंवा बुडबुडे येणे, तोंड उघडून श्वास घेणे, पाण्यात एका बाजूला कलून तरंगणे ही फुप्फुसाच्या संसर्गाची चिन्हे आहेत. त्यांत एक दिवसही घालवू नये. मादी अस्वस्थपणे कोपरे उकरत असेल आणि खात नसेल तर पोटात अंडी अडकलेली असू शकतात, त्यासाठी नर जवळ असावा लागत नाही. जंत, मूतखडा, वाढलेली चोच हीदेखील कारणे असतात, आणि ती विष्ठेच्या तपासणीतून वा क्ष-किरण चित्रातून कळतात. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य आधीच शोधून ठेवावा. मनाने औषध देऊ नये. गुरांना व कुत्र्यांना जंतासाठी सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवाला प्राणघातक ठरते.

पशुवैद्याकडे जाताना बरोबर नेण्याजोगी सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे नोंदवही. आपण व्यापारी माणसे, रोजमेळ लिहिल्याशिवाय आपला दिवस मावळत नाही. तसेच एक पान कासवासाठी राखावे. दर आठवड्याला ठरावीक वारी, सकाळी खाण्यापूर्वी, एकाच काट्यावर वजन करावे. त्याच ओळीत टाकीचे तापमान, काय खाल्ले आणि शौच झाले की नाही हे लिहावे. मूत्राशयात बरेच पाणी साठत असल्याने थोडा चढउतार होतो, त्याने घाबरू नये. सलग तीन-चार आठवडे आकडा उतरत असेल, किंवा एकूण वजनाचा दहावा भाग घटला असेल, तर कासव खाताना दिसत असले तरी ते खंगत आहे. कवचाच्या आत काय चालले आहे हे डोळ्यांना दिसत नाही, काट्याला मात्र कळते.

या साऱ्यापूर्वी एक गोष्ट तपासायला हवी, ती कायद्याची. तारांकित कासव व भारतातील इतर अनेक कासवे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. ती विकणे, विकत घेणे व घरी ठेवणे गुन्हा आहे. धनलाभाच्या समजुतीपायी ती गुजरात, राजस्थान आणि दक्षिण भारताच्या माळरानांवरून पकडली जातात. २०१९ मध्ये ‘सायटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराने तारांकित कासवाला परिशिष्ट १ मध्ये घालून त्याच्या व्यापारावर सर्वांत कडक बंधन आणले. घरात असे कासव असेल तर ते लपवून, डॉक्टरांना दाखवायचे टाळून त्याचे हाल करू नयेत. वनविभागाकडे ते स्वाधीन करावे. महाराष्ट्रात १९२६ या क्रमांकावर वनविभागाशी संपर्क होतो. आफ्रिकेतील सुल्काटासारख्या ‘सायटिस’च्या यादीतील परदेशी कासवांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. गल्ल्याजवळ कासव हवेच असेल तर पितळेचे ठेवावे, त्याला ना थंडी वाजते ना भूक लागते.

शेवटचा मुद्दा अभयदानाचा. कासव खात नाही, सुस्त झाले आहे, तर त्याला तळ्यात सोडून पुण्य जोडावे, असे पुष्कळांना वाटते. लाल कानाचे कासव मूळचे अमेरिकेच्या मिसिसिपी खोऱ्यातले. जगातील सर्वांत उपद्रवी अशा १०० परकी प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे. निरोगी असेल तर ते आपल्या तळ्यातील मूळच्या कासवांचे अन्न व ऊन खाण्याच्या जागा बळकावते. आजारी असेल तर स्वतः मरते, आणि आपला रोगही इतरांना देते. एका जिवाला सोडून शंभर जिवांना भयात लोटणे याला अभयदान म्हणता येत नाही. सांभाळणे अशक्यच झाले तर पशुवैद्याच्या सल्ल्याने, कासवांची सोय असलेल्या प्राणिसेवी संस्थेकडे ते सोपवावे.

नीट निगा राखली तर लाल कानाचे कासव वीस ते चाळीस वर्षे जगते, जमिनीवरची काही कासवे त्याहूनही अधिक. म्हणजे आज नातवाच्या हट्टाखातर आणलेल्या जिवाची जबाबदारी त्या नातवाच्या संसारापर्यंत पुरते. एवढी दीर्घ मुदत स्वीकारण्याची तयारी नसेल तर न आणणे हीच जीवदया. आणि जे आधीच घरात आहे, त्याच्या टाकीत आज सायंकाळी, सामायिकाला बसण्यापूर्वी, एक तापमापक ठेवून पाहावा. रात्रीचा आकडा २० च्या खाली उतरला, तर त्याची भूक कोठे गेली याचे उत्तर बहुधा तेथेच मिळेल.