मिरांडाला गाता येत नाही म्हणे!

गेल्या महिन्यात ऑफिसच्या बसमध्ये दोन मित्रांनी मला दोन बाजूंनी घेरलं. विषय ‘हॅमिल्टन’. पहिला दोन वर्षं अमेरिकेत ऑनसाइट राहून आलेला, न्यूयॉर्कला प्रयोग पाहिलेला. तो म्हणाला, “तू नुसतं रेकॉर्डिंग ऐकलंयस. तुला नाटकाबद्दल बोलायचा अधिकारच नाही.” दुसऱ्याने कानातला इअरफोन काढला आणि म्हणाला, “अल्बम भारी आहे रे, पण त्या मिरांडाला गाता येत नाही. त्याची गाणी मी पुढे ढकलतो.”

मला दोघांचाही राग आला. पहिल्याचा थोडा, दुसऱ्याचा जास्त.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अलेक्झांडर हॅमिल्टन म्हणजे अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री. कॅरिबियन बेटांवरून आलेला अनाथ मुलगा, लिहिण्याच्या जोरावर वर चढला आणि १८०४ मध्ये ॲरन बर या उपराष्ट्राध्यक्षाच्या गोळीने मेला. रॉन चेर्नोने लिहिलेलं त्याचं चरित्र वाचून लिन-मॅन्युएल मिरांडाने रॅप आणि हिप-हॉपमध्ये संगीत नाटक रचलं. शब्द त्याचे, संगीत त्याचं, मुख्य भूमिकाही त्याचीच. २०१५ मध्ये ते ब्रॉडवेवर आलं आणि त्याच सप्टेंबरात मूळ नटसंचाचं रेकॉर्डिंग निघालं. ट्रॅक ४६. ते ऐकून जगभरात जितके लोक या नाटकाच्या प्रेमात पडले, त्यातल्या फार थोड्यांनी ते रंगमंचावर पाहिलं असेल.

पहिल्या मित्राचं आधी उरकतो. २०१६ मध्ये ब्रॉडवेवरच्या उत्तम जागांचं अधिकृत तिकीट ८४९ डॉलरपर्यंत नेलं होतं. दहा डॉलरची लॉटरी होती, पण लॉटरी लागायला आधी न्यूयॉर्कात असावं लागतं. मी तेव्हा हॉस्टेलवर होतो आणि मेसचं बिल थकलं होतं. तेव्हा अधिकाराची भाषा जरा जपून. शिवाय हे नाटक जवळजवळ सगळंच गाण्यात किंवा रॅपमध्ये आहे. मध्ये गद्य संवादांची लांबलचक पानं नाहीत, त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये जवळपास अख्खी संहिता येते. ‘जवळपास’ म्हणतोय, कारण पहिल्या अंकाच्या शेवटाकडे लॉरेन्सच्या मृत्यूची बातमी देणारा एक छोटा प्रसंग मिरांडाने मुद्दाम अल्बमबाहेर ठेवला. २०२० मध्ये चित्रित प्रयोग डिस्ने प्लसवर आला तेव्हा तो पाहून मी हबकलो. तीन वर्षं ऐकूनही तो माणूस कुठे गेला, हे मला कळलंच नव्हतं. तेवढा मुद्दा ऑनसाइटवाल्याचा. बाकी नाही.

आता दुसरा.

मिरांडाचा आवाज पातळ आहे, नाकातून येतो, वरच्या सुरात ताणला जातो. मान्य. त्याच अल्बममध्ये बरचं काम करणाऱ्या लेस्ली ओडम ज्युनियरचा आवाज म्हणजे लोणी. वॉशिंग्टन झालेला ख्रिस्टोफर जॅक्सन, अँजेलिका झालेली रने एलिस गोल्ड्सबरी, सगळे कसलेले गळे. त्यांच्यात मिरांडा उभा राहतो तेव्हा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात नवऱ्या मुलाने माइक घेतल्यासारखं वाटतं. २०१६ च्या टोनी पुरस्कारांत प्रमुख अभिनेत्यासाठी दोघांनाही नामांकन होतं, मिळाला ओडमला. तेही योग्यच.

पण जरा थांबा. बर कोण आहे? मनातलं ओठांवर येऊ न देणारा, खानदानी, वाट पाहणारा माणूस. त्याचा आवाज गुळगुळीतच हवा, कारण त्याखाली काय चाललंय ते कुणाला कळू नये हीच त्याची आयुष्यभराची नीती. हॅमिल्टन कोण? मागे ना घराणं, ना पैसा, ना तालीम. बोलायला नको तिथे बोलणारा, दम लागेपर्यंत बोलणारा. असा माणूस सुरेल, घोटीव गळ्याने गायला लागला तर तो उपरा वाटेलच कसा? मिरांडाच्या आवाजात जी धाप लागते, ती मला त्या माणसाची धाप वाटते. आणि शेवटच्या द्वंद्वात गोळी सुटते तेव्हा वाद्यं थांबतात. अडीच तास पळणारा तो आवाज पहिल्यांदाच ठेक्याविना, नुसता बोलत राहतो. सुंदर गळ्याने तिथे काय केलं असतं, देव जाणे. हा आवाज तिथे उघडा पडतो, आणि माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.

हे सगळं मिरांडाने ठरवून केलं असं माझं म्हणणं नाही. त्याला गाता येतं तसंच तो गायला. पण नाटकात ते बसलं. त्याच्यानंतर हॅमिल्टन झालेले काही नट त्याच्यापेक्षा सरस गायले आहेत. त्यांचं स्वागत. मात्र ‘बरं गाणारा’ म्हणजे आपोआप ‘बरा हॅमिल्टन’ हे गणित कुणी मांडलं?

ते मांडलं शफलच्या बटणाने.

माझ्या धंद्यात याला डिपेंडन्सी म्हणतात: एक तुकडा दुसऱ्यावर टेकलेला असतो, खालचा काढला की वरचा कोसळतो. दहाव्या ट्रॅकमध्ये एलायझा प्रेमात पडते आणि तिचं लग्न होतं. अकराव्यात तिची बहीण अँजेलिका टोस्ट द्यायला उठते, आवाज टेपसारखे उलटे फिरतात आणि तीच संध्याकाळ आता आपण तिच्या बाजूने ऐकतो. दहावा गाळून अकरावा ऐकला तर उरते फक्त एक झकास रॅप करणारी बाई.

किंवा आकडे ऐका. द्वंद्वाआधी दहापर्यंत मोजायचं, हे पहिल्या अंकातच आपल्या कानात बसवलेलं असतं. दुसऱ्या अंकात हॅमिल्टनचा मुलगा फिलिप द्वंद्वाला उभा राहतो आणि मोजणी सातवर असतानाच गोळी सुटते. पुढच्याच ट्रॅकमध्ये आई त्याच्याबरोबर फ्रेंच अंक म्हणते, लहानपणी पियानोवर म्हणायची तसे. मध्येच त्याचा आवाज बंद पडतो. आई पुढे म्हणत राहते. हे समजायला ब्रॉडवेचं तिकीट लागत नाही, दोन कान आणि क्रम लागतो. माझा मित्र ही गाणी ‘स्लो आहेत’ म्हणून ढकलतो.

हा राग थोडा घरातलाही आहे. आजोबांच्या रेडिओवर ‘मानापमान’ची पदं मी कळायला लागल्यापासून ऐकली. १९११ चं खाडिलकरांचं नाटक, गोविंदराव टेंब्यांच्या चाली. पण ती पदं भामिनी आणि धैर्यधर म्हणतात, आणि त्या वेळी त्यांचं एकमेकांशी काय बिनसलेलं असतं, हे मला पंचविशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवर पदं उतरली, मग मैफलीत गेली, मग रिअ‍ॅलिटी शोमध्ये. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच: तान कशी घेतली? भामिनीला राग का आला होता, हे विचारायला कुणी उरलंच नाही. अर्थात त्या तबकड्यांचा दोष नव्हता. एका बाजूत मावेल तेवढंच त्यांनी घेतलं. ‘हॅमिल्टन’च्या अल्बममध्ये जवळपास अख्खं नाटक आयतं, क्रमाने लावून दिलेलं आहे, आणि आपण हौसेने त्याची पुन्हा तीन-तीन मिनिटांची पदं करतोय. वर म्हणतोय, याला गाता येत नाही.

बसमध्ये मी हे सगळं एवढं नीट बोललो नाही. आवाज मात्र चढला होता. पुढच्या सीटवरच्या काकांनी वळून पाहिलं. मित्र म्हणाला, “बरं बाबा, त्यातले चांगले पाच ट्रॅक पाठव.” मी पूर्ण अल्बमची लिंक पाठवली.

“अरे, हे अडीच तासांचं आहे!”

बाहेर पाऊस होता आणि हिंजवडीचा चौक अजून यायचा होता. म्हटलं, लाव.