बंदर आपले, जहाज परक्याचे

न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराने २०२४-२५ या आर्थिक वर्षात, वीस फुटी मापाने मोजल्यास, ७० लाखांहून अधिक कंटेनरांची चढउतार केली; आणि तिकडे पालघर जिल्ह्यात वाढवण येथे सुमारे ७६,००० कोटी रुपये खर्चाच्या नव्या महाबंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. या दोन्ही वार्ता महाराष्ट्राने अभिमानाने ऐकल्या, आणि तो अभिमान अगदीच अस्थानी होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु बंदराला कोणाची जहाजे लागतात, त्यांचे भाडे कोण ठरवतो, आणि माल वाटेत रखडला तर नुकसान कोणाच्या खाती पडते, हे प्रश्न धक्क्याची लांबी आणि पाण्याची खोली यांच्या हिशेबात कोठेच येत नाहीत. आपण बंदरे बांधण्यात जितकी तत्परता दाखवली, तितकीच अनास्था जहाजांविषयी आणि वाहतुकीच्या करारांविषयी दाखवली. आणि या अनास्थेचा भुर्दंड साखळीच्या अगदी शेवटी उभा असलेला शेतकरी भरतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

कंटेनर ही वस्तू दिसायला क्षुद्र असली तरी तिने केलेली उलथापालथ क्षुद्र नाही. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन नावाच्या एका अमेरिकन वाहतूक व्यावसायिकाने नेवार्कहून ह्यूस्टनला जाणाऱ्या जहाजावर ५८ ॲल्युमिनियमच्या पेट्या चढवल्या, तेव्हापासून मालाची गोणी, पिंप आणि खोके सुटे सुटे हाताळण्याची शतकानुशतकांची वहिवाट मोडत गेली, आणि ज्या जहाजाच्या भरणीला पूर्वी कित्येक दिवस लागत, त्याचे काम तासांवर आले. या सोयीची किंमतही कोणीतरी मोजलीच. मुंबईच्या गोद्यांतून पिढ्यान् पिढ्या पाठीवर ओझी वाहणाऱ्या कामगारांचे काम आटले; आणि समोरच्या उरण तालुक्यात न्हावा-शेव्याच्या व नव्या मुंबईच्या उभारणीसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये गोळीबार होऊन पाच जणांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर पाच वर्षांनी, २६ मे १९८९ रोजी, बंदर सुरू झाले. ज्या समाजाने बंदरासाठी एवढे मोल दिले, त्या समाजाला त्या बंदरातून कोणाचे भले होते, असे विचारण्याचा अधिकार आहे.

हे भले-बुरे पारखून पाहायचे तर नाशिकच्या द्राक्षांइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत निफाड-दिंडोरीच्या बागांतून तोडलेले घड पॅकहाउसमध्ये येतात. तेथे बायाबापड्या कात्रीने किडके, लहान, डागी मणी छाटून अर्ध्या अर्ध्या किलोचे पनेट भरतात, दहा पनेटांचे एक खोके होते, खोक्यात बुरशी रोखण्यासाठी गंधकवायू सोडणारा कागद पसरला जातो, आणि मग प्री-कूलिंगच्या खोलीत कित्येक तास ठेवून मालाचे तापमान शून्य अंशाच्या आसपास आणले जाते. रीफर म्हणजे शीतकंटेनर दाराशी लागला की भरणीची घाई सुरू होते, कारण दार जितका वेळ उघडे तितकी आतली थंडी ढळते. पॅलेट आत सरकतात, तापमान टिपणारे छोटे यंत्र खोक्यांत ठेवले जाते, दारावर क्रमांक कोरलेले बॉटल सील ठोकले जाते, तो क्रमांक कागदोपत्री उतरवला जातो, आणि थंडी टिकवण्यासाठी जेनसेट (वीज-जनित्र) लावलेला ट्रेलर कसारा घाट उतरून न्हावा-शेव्याच्या वाटेला लागतो. २०१० साली एका संजीवकाचे अंश आढळल्यामुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली होती; त्यानंतर तर बागेच्या नोंदणीपासून प्रयोगशाळेच्या दाखल्यापर्यंतची शिस्त इतकी कडक झाली, की कोणते खोके कोणत्या बागेतले हे रॉटरडॅमच्या गोदामात बसूनही सांगता येते.

म्हणजे बंदराच्या फाटकापर्यंत प्रत्येक मण्याचा हिशेब आपल्या हातात असतो, आणि फाटकापलीकडे कशाचाच नसतो. जगातील कंटेनर-जहाजांच्या एकंदर क्षमतेचा फार मोठा हिस्सा दहा कंपन्यांच्या ताब्यात असून त्यांचे निर्णय जिनिव्हा, कोपनहेगन, मार्सेय, हॅम्बर्ग, शांघाय अशा ठिकाणी होतात. या दहांत भारतीय कंपनी एकही नाही. जहाज ठरल्या दिवशी येईल की पुढच्या आठवड्यात, आरक्षित केलेली जागा मिळेल की ऐनवेळी माल पुढच्या फेरीवर ढकलला जाईल, भाड्याखेरीज आणखी कोणकोणते अधिभार लागतील, आणि आपल्या चुकीवाचून कंटेनर खोळंबला तरी मोफत मुदत संपल्यावर विलंबआकार किती चढेल, हे सारे तिकडे ठरते आणि इकडे सीएचएच्या (सीमाशुल्क दलालाच्या) कचेरीत, बहुधा दूरध्वनीवरून, कळते. त्यातही आपले बहुतेक निर्यातदार माल जहाजावर चढेपर्यंतच जबाबदारी घेऊन विक्री करतात. जहाज कोणते आणि भाडे किती हे परदेशी खरेदीदार ठरवतो. वरकरणी यात निर्यातदाराची डोकेदुखी वाचते, परंतु जहाज-कंपनीशी घासाघीस करण्याचा हक्कही त्याच सौद्यात त्याने गमावलेला असतो.

या व्यवहाराचा मुख्य दस्तऐवज म्हणजे बिल ऑफ लेडिंग. ते जहाजावर माल मिळाल्याची पावती असते, वाहतुकीचा करारनामा असते आणि मालकीची सनदही असते. बँक त्यावर पैसे देते, खरेदीदार ते दाखवून माल सोडवतो. असा हा त्रिगुणी कागद हाती घेऊन त्याची मागची बाजू वाचावी, तर सूक्ष्म अक्षरांत भरलेल्या कलमांचा आशय थोडक्यात असा निघतो: पेटीत काय आहे ते माल पाठवणाऱ्याच्या सांगण्यावरून लिहिले आहे, आम्ही ते मोजलेले नाही, नुकसान झालेच तर खोक्यामागे किंवा किलोमागे ठरलेल्या मर्यादेपलीकडे भरपाई मिळणार नाही, दावा एका वर्षाच्या आत लावला पाहिजे, आणि जहाज अमुक दिवशी पोहोचेल याची आम्ही हमी देत नाही. विमा आहे ना, असे कोणी म्हणेल; तर सागरी मालविम्याच्या प्रचलित अटी पाहाव्यात. आग, जहाज बुडणे, टक्कर यांनी झालेली हानी त्यात येते, परंतु निव्वळ विलंबामुळे झालेले नुकसान वगळलेले असते, मग तो विलंब विमा उतरवलेल्या कारणाने का झालेला असेना. लोखंडी नळ दहा दिवस उशिरा पोहोचले तर ते नळच राहतात. द्राक्षे दहा दिवस उशिरा पोहोचली तर देठ वाळतो, मणी गळतो, आणि तिकडच्या बाजारात त्यांचा दर्जाच बदलतो. हा विलंबाचा धोका जहाजवाला घेत नाही, विमेवाला घेत नाही, खरेदीदार दर्जा पाहून दर कापतो आणि निर्यातदार तीच कापणी बागाईतदाराच्या हिशेबात उतरवतो. ज्याच्या हाती सर्वांत कमी आहे त्याच्याच माथी सर्वांत मोठी जोखीम मारणारी ही व्यवस्था आहे.

ती किती महाग पडते हे गेल्या काही वर्षांत दोनदा दिसले. करोनाच्या साथीनंतर चीनमधून अमेरिकेला जाणाऱ्या मालाचे भाडे अस्मानाला भिडले, तेव्हा जहाज-कंपन्यांना रिकामे कंटेनर चीनकडे लवकर परत नेण्यात अधिक फायदा वाटू लागला, आणि आपल्याकडच्या निर्यातदाराला माल तयार असून पेटी मिळेना. २०२१ च्या सप्टेंबरात तर चाळीस फुटी कंटेनरचे जागतिक सरासरी भाडे १०,००० डॉलरांच्या वर गेले होते. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रात हौथी बंडखोरांनी एका जहाजाचे अपहरण केले, पाठोपाठ इतरांवर हल्ले होऊ लागले, आणि सुएझचा मार्ग सोडून जहाजे आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जाऊ लागली. ऐन द्राक्षहंगामाच्या तोंडावर प्रवास दीड-दोन आठवड्यांनी लांबला आणि भाडे कडाडले. त्या हल्ल्यांत नाशिकच्या शेतकऱ्याचा काय दोष होता? दोष नसताना दंड मात्र त्यालाच झाला.

आता काही जण म्हणतील, की भाडे जागतिक बाजार ठरवतो, भारतीय जहाजही तांबड्या समुद्रातून गेले नसते, आणि सरकारी जहाजांचा कारभार आपण पाहिलेला आहे. तेव्हा स्वस्त परदेशी सेवा सोडून स्वदेशीचा हट्ट कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. भारतीय कंपनीने तेजीत भाडे वाढवले नसते असे मानणे भाबडेपणाचे होईल. परंतु प्रश्न केवळ दराचा नाही. टंचाईच्या काळात जागा आणि पेटी प्रथम कोणाला मिळणार, हा आहे. ज्याचा कायमचा ग्राहक आणि कायमचा धंदा येथेच आहे, तो रिकाम्या पेट्या येथे ठेवण्यास उद्युक्त होतो; ज्याच्या दृष्टीने हे जगातील शेकडो बंदरांपैकी एक बंदर आहे, तो होत नाही. त्याच्या स्वार्थाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या स्वार्थाची तजवीज आपणच करावयास हवी होती.

ही गोष्ट मुंबईला शंभर वर्षांपूर्वी कळली होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांचे सहकारी यांनी स्थापन केलेल्या सिंधिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली, आणि तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून साजरा करतो. मात्र त्या बोटीनंतर काय घडले याची आठवण त्या दिवशीच्या भाषणांत क्वचितच निघते. प्रस्थापित ब्रिटिश कंपन्यांनी भाडे पाडून स्पर्धा केली. आपल्याच जहाजांतून माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्यास काही मुदतीने भाड्यातील सूट परत द्यायची, आणि मध्यंतरी त्याने दुसऱ्याकडे माल दिला तर ती बुडवायची, अशी बेडी त्यांनी व्यापाऱ्यांच्या पायात घातली होती. त्यांच्याशी झालेल्या १९२३ च्या कराराने तर सिंधियाला दहा वर्षे किनारी वाहतुकीतच अडकून पडावे लागले. स्वातंत्र्यानंतर १९६१ साली सरकारी नौवहन महामंडळ निघाले आणि काही काळ प्रगतीही झाली. १९८७-८८ च्या सुमारास देशाच्या सागरी परदेशी व्यापारातील सुमारे ४० टक्के माल भारतीय जहाजांतून जात असे. त्यानंतर व्यापार अनेक पटींनी वाढला, बंदरे वाढली, आणि हे प्रमाण मात्र एक आकडी झाले. सिंधिया तर केव्हाच अस्तंगत झाली.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जहाजबांधणी व सागरी क्षेत्रासाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, आणि त्याच वर्षी संसदेने १८५६ चा बिल ऑफ लेडिंगचा व १९२५ चा सागरी मालवाहतुकीचा, हे दोन जुनाट कायदे मोडीत काढून नवे केले. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु जहाज बांधणे निराळे आणि ते नियमित मार्गावर, ठरल्या वारी, भरलेले चालवणे निराळे; त्यासाठी हमखास माल लागतो. आणि नव्या कायद्यांनी भाषा सुधारली, तरी विलंबाच्या जोखमीचे ओझे होते तिथेच आहे.

म्हणून मोठ्या जहाजांच्या प्रतीक्षेत न राहता तीन कामे हाती घ्यावीत. पहिले, द्राक्ष, डाळिंब, कांदा अशा नाशवंत मालाच्या उत्पादकांनी जागेचा सौदा एकत्र करावा. १९९१ साली द्राक्ष-बागाईतदारांच्या सहकारी संस्थांनी महाग्रेप्स स्थापून विक्री एकत्र केली होती. आता त्याच धर्तीवर जहाजातील जागेचा करार हंगामापूर्वी, एकगठ्ठा आणि लेखी व्हावा, आणि त्यात विलंब झाल्यास भाड्यात कपात करण्याचे कलम असावे. शंभर कंटेनरांचा करार मागणाऱ्याला जी उत्तरे मिळतात ती दोन कंटेनरवाल्याला कधीच मिळणार नाहीत. दुसरे, भारतीय बंदरातून माल नेणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपले सर्व अधिभार, विलंबआकार आणि मोफत मुदती सरकारदरबारी जाहीर कराव्यात, आणि पुरेशी पूर्वसूचना दिल्याखेरीज त्यांत वाढ होऊ नये. तिसरे, सरकारने ज्या जहाजांना साहाय्य द्यायचे, त्यांपैकी काहींनी न्हावा-शेव्याहून आखात व युरोपकडे नियमित सेवा चालवावी आणि टंचाईच्या काळात नाशवंत मालास काही जागा राखून ठेवावी, ही अट साहाय्याच्या करारातच लिहून घ्यावी.

यांपैकी तिसऱ्या कामाला वर्षे लागतील आणि दुसऱ्याला दिल्लीची मर्जी लागेल. पहिले मात्र नाशिकच्या संस्थांनी, पणन मंडळाच्या मदतीने, जानेवारीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी करता येण्यासारखे आहे. वाढवणच्या धक्क्याला महाकाय जहाजे लागतील तेव्हा लागोत; त्या दिवशीही आपला माल विखुरलेला आणि आपले करार दुसऱ्यांनी लिहिलेले असतील, तर अधिक खोल पाण्यातून अधिक मोठे नुकसान, एवढाच काय तो फरक पडेल.