फौजी डॉक्टर आले तर त्यांच्याकडे काय मागायचं?

आज पिकाचं काही नाही, डोळ्यांचं लिहितोय. शाळूची काढणी चालू आहे, पात डोळ्याला लागायचे हेच दिवस, म्हणून विषय अगदीच रानाबाहेरचा नाही.

दिल्लीच्या आर्मी हॉस्पिटलचं नेत्रपथक अलीकडे उधमपूर, बागडोगरा अशा लांबच्या ठिकाणी जाऊन माजी सैनिकांच्या आणि आसपासच्या साध्या लोकांच्या शस्त्रक्रिया करून आलं. तिथं लष्करी दवाखाना आधीपासून आहे. त्यात दिल्लीचे सर्जन येतात, मशीन आणि लेन्स सोबत आणतात. मांडव टाकून टॉर्चने डोळे बघायचे आणि चष्मे वाटून फोटो काढायचे, असला प्रकार नाही. मला हे काम मनापासून आवडलं.

आता आपल्याकडचं बघा. माण-खटावातून पिढ्यान् पिढ्या पोरं फौजेत जातात. पेन्शनर फौजीला, त्याच्या बायकोला, त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडलांना ईसीएचएसचं कार्ड मिळतं, २००३ पासून. भिंतीपलीकडच्या शेतकऱ्याला ते नाही. पुण्यात कमांड हॉस्पिटल आहे, १९४८ पासूनचं एएफएमसी आहे. तिथले तज्ज्ञ वर्षातून एकदा दुष्काळी तालुक्यात यावेत, ही मागणी मला अवाजवी वाटत नाही.

पण मागताना नुसता मोतीबिंदू मागू नका. तो सरकारी दवाखान्यात फुकट निघतो, आणि त्याला दोन-चार महिने थांबलं तरी सहसा चालतं. (पिकू द्यायचा, हिवाळ्यातच काढायचा, हे जुनं झालं. जास्त पिकला तर काढायला उलट अवघड जातो.) आपल्याकडे नाही ते काचबिंदूचा आणि पडद्याचा डॉक्टर. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, आणि म्हातारं माणूस "वयानं कमी दिसतंय" म्हणून गप्प बसतं. शुगरवाल्यांचा पडदा असाच आतल्या आत खराब होतो. हे ओळखायला मशीन लागतं आणि बघणारा जाणकार लागतो. शिबिराचा खरा उपयोग इथं आहे.

दुसरी गोष्ट, नंतर कोण बघणार? उधमपूरला पथक परत गेलं तरी दवाखाना तिथंच राहतो. आपल्याकडे तंबू उठला की संपलं. म्हणून माझं म्हणणं असं: तपासणी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, ऑपरेशन पुण्यात, आणि पुढच्या तपासण्या इथल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याकडे. तारीखही शेतकऱ्याला विचारून धरा. ऑपरेशननंतर काही आठवडे धूळ आणि वजन टाळायचं असतं. पेरणीत किंवा मळणीत शिबिर ठेवलं तर गरजू माणूस रानातच असणार. शाळू घरात आला की मार्च-एप्रिल बरा.

एका गोष्टीला मात्र फौज पुरी पडणार नाही. करडईचा काटा, शाळूची पात, उसाचं पाचट बुबुळाला घासलं की जखमेत बुरशी शिरते. आपण मेडिकलातून लाली घालवायचा ड्रॉप आणतो. त्यात स्टिरॉइड असेल तर लाली कमी होते आणि बुरशी वाढते. मग डोळ्यात फूल पडतं ते कायमचं. आमच्या शिवारात अशी दोन माणसं आहेत, दोघंही कामाची, चाळिशीच्या आतली. अशा डोळ्याला शिबिराची वाट बघता येत नाही, त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी तपासून घ्यावं लागतं. त्यासाठी तालुक्याला बुबुळ बघायचं मशीन आणि तो बघणारा माणूस बारा महिने पाहिजे. ग्रामसभेत दोन्ही मागण्या एकाच ठरावात घाला, वेगळ्या केल्या की शिबिर तेवढं मंजूर होतं.

तुमच्या तालुक्यात ग्रामीण रुग्णालयात डोळ्यांचा माणूस आठवड्यातून किती दिवस असतो? कमेंटात गावासकट लिहा. ठराव लिहिताना ते कामाला येईल.