आईचे पथ्य, घराचे पथ्य

आमची धाकटी मुलगी सात आठवड्यांची असताना तिच्या शीमध्ये आव आणि रक्ताचे बारीक धागे दिसू लागले. अंगावरच्या दुधाशिवाय तिच्या पोटात दुसरे काहीही जात नव्हते. घाबरून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन मिनिटांत सांगितले, "आईचे दूध बाळाला सोसत नाही. डब्याचे सुरू करा." घरी येऊन मीही बायकोला तेच म्हणालो. ती काही बोलली नाही, फक्त रडली. त्या दिवशीची माझी घाई मला आजही टोचते, म्हणून हे लिहितो आहे.

दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांनी बाळाला नीट तपासले आणि मग समजावले. आई जे दूध-दही खाते, त्यातल्या प्रथिनांचा अगदी थोडा अंश तिच्या दुधात उतरतो. काही बाळांची रोगप्रतिकारशक्ती या प्रथिनांना शत्रू समजते आणि आतड्याला सूज येते. म्हणजे दोष आईच्या दुधात नसतो. गंमत अशी की, बाजारातली नेहमीची डब्याची पावडर बहुतेक गाईच्या दुधापासूनच बनते. ज्या प्रथिनांचा त्रास, तीच आम्ही चमच्याने भरवणार होतो! अशा बाळांसाठी वेगळ्या प्रकारची पावडर मिळते, पण ती महाग असते, आणि आई पाजू शकत असेल तर तिची गरजही पडत नाही.

अशा प्रकारच्या त्रासाचे निदान रक्त तपासून होत नाही. आईने दोन ते चार आठवडे दुधाचे सर्व पदार्थ सोडायचे, आणि बाळ सुधारले तर पुन्हा खाऊन पाहायचे, हीच खरी परीक्षा. आमच्याकडे दहा-बारा दिवसांत रक्त थांबले. नंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरून बायकोने पुन्हा चहा-दही घेतले, तर तिसऱ्या दिवशी लंगोट पुन्हा लाल. निदान पक्के झाले.

इथून घराची परीक्षा सुरू झाली. अम्मीचा सवाल साधा होता, "बाळंतिणीने दूधच प्यायचे नाही, तर अंगावर दूध येणार कुठून?" शेजारच्या खालाने शेळीचे दूध सुचवले. पण शेळी-म्हशीच्या दुधातली प्रथिने गाईच्या दुधातल्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की त्याने काही साधत नाही. लॅक्टोज नसलेले दूधही उपयोगाचे नाही. लॅक्टोज ही साखर आहे. ती आईने काहीही खाल्ले तरी तिच्या दुधात असतेच. भांडण प्रथिनांशी आहे.

मग मी पाकिटांवरची बारीक अक्षरे वाचायला शिकलो. टोस्ट, बिस्किटे, पाव, कुठे मिल्क पावडर, कुठे व्हे, कुठे केसीन. आपल्या स्वयंपाकात तर दही कुठे नसते? बिर्याणीत, कोर्म्यात, कबाबाच्या मसाल्यात. आम्ही मटणाला दह्याऐवजी टोमॅटो-लिंबू लावू लागलो. नाचणीच्या भाकरी सुरू झाल्या. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. जोडीला तीळ, काट्यांसकट खायची छोटी मासळी आणि डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या. ईदला नारळाच्या दुधातल्या शेवया झाल्या. पाहुण्यांनी नाके मुरडली, पण पातेले रिकामे झाले.

मला राग येतो तो या गोष्टीचा की असे पथ्य आपण एकट्या आईवर टाकतो. सगळे घर फिरनी खाणार आणि तिने समोर बसून पाहायचे. बाळ रडले की "तूच काहीतरी खाल्ले असशील" हा आरोप ठरलेला. सूरह बकरामधली २३३वी आयत आपल्याकडे दोन वर्षे दूध पाजण्यासाठी हमखास सांगितली जाते. पण त्याच आयतीत पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे, आणि मुलावरून आईला त्रास होता कामा नये, असेही सांगितले आहे. हा अर्धा भाग आपण पुरुष सोयीने विसरतो. रमजानमध्ये पाजणाऱ्या आईला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत आहे, तीही तिला हक्काने घेऊ देत नाही.

याचा अर्थ प्रत्येक रडणाऱ्या बाळाच्या आईचे दूध-दही तोडावे, असा नाही. निरोगी बाळेही पहिले काही महिने पुष्कळ रडतात. ऐकीव माहितीवर आईचे खाणे कमी केले तर तिचीच हाडे झिजतील. डॉक्टरांना विचारूनच पथ्य धरा आणि विचारूनच सोडा. बाळाच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास अडकला, तर मात्र घरी प्रयोग नकोत; तडक दवाखाना गाठा.

बहुतेक मुलांचा हा त्रास वर्ष-दोन वर्षांत, काहींचा जरा उशिरा, आपोआप जातो. आमच्या मुलीला वर्षाची झाल्यावर आधी दुधाचे बिस्किट, मग हळूहळू दही दिले. सोसले. आता ती वाटी चाटूनपुसून खाते. तिच्या आईने मात्र दहा महिने दुधाचा चहा घेतला नव्हता. मी पहिल्यापासून तिच्याबरोबर कोरा चहा प्यायला हवा होता. सुरुवात केली ती तीन महिने उशिरा.