फॉरमॅट नव्हे, पुसणे म्हणा!

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, पण ज्यावर लिहायचं तो संगणकच बदलत होता. माझ्या जुन्या संगणकावर विंडोज १० आहे. त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. लेक म्हणाली, "बाबा, माझं मॅकबुक घ्या आता, मी दुसरं घेतलंय." घेतलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा पहिलीत बसलो.

पहिल्याच आठवड्यात अडलं. माझी एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क मॅकला जोडली. फोटो दिसले, गाणी वाजली. पण नवीन फोटो त्यात टाकायला गेलो तर टाकूच देईना. आमच्या सोसायटीत संगणक दुरुस्त करणारा एक मुलगा आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, काही नाही हो, फॉरमॅट मारा. दोन मिनिटांचं काम."

आता त्या डिस्कवर काय आहे हे घरातल्या मंडळींना ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. १९८४ साली दिवाळीत मामानं टेपरेकॉर्डर आणला होता. आई जात्यावर बसली होती आणि तिच्या नकळत त्यानं तिच्या ओव्या भरून घेतल्या. ३८ मिनिटं. मागे जात्याची घरघर, मध्येच कुणाला तरी "दार लाव रे" म्हणून ओरडणं. पुढे कॅसेटला बुरशी लागली. पण त्याआधी भाच्यानं ते सगळं संगणकावर घेतलं होतं, म्हणून वाचलं. आई जाऊन २३ वर्षं झाली. तिचा आवाज जगात फक्त त्या डिस्कवर होता.

मी मॅकवर डिस्क युटिलिटी उघडली. तिथे 'फॉरमॅट' नावाचं बटण मला सापडेना. होतं ते 'इरेज'. म्हणजे पुसा! हात थांबला. चाळीस वर्षं मुलांना सांगत आलो की प्रश्न दोनदा वाचा, ते माझ्याच कामी आलं.

विंडोजमध्ये याच कामाला 'फॉरमॅट' म्हणतात. शब्द कसा गुळगुळीत! काहीतरी नीटनेटकं करून मिळेल असं वाटतं. सूचना येते, नाही असं नाही. पण इंग्रजीतली चौकट आली की आपल्या पिढीची माणसं न वाचता 'ओके' दाबतात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की जे सांगतात त्यांनी "फॉरमॅट मारा" म्हणू नये. "आतलं सगळं पुसलं जाईल, आधी दुसरीकडे उतरवून घ्या" असं पूर्ण वाक्य बोलावं. दहा सेकंद जास्त लागतील.

मग थोडं वाचलं, लेकीला विचारलं. जे समजलं ते शाळेच्या भाषेत सांगतो. डिस्क म्हणजे वही. फॉरमॅट म्हणजे तिच्यावरची आखणी. एकरेघी, दुरेघी, चौकटीची, तसंच. विंडोजची नेहमीची आखणी एनटीएफएस. मॅकला ती वाचता येते, पण तिच्यावर आपणहून लिहिता येत नाही. मॅकची स्वतःची आखणी एपीएफएस, ती विंडोजला उमगत नाही. दोघांनाही चालणारी म्हणजे एक्सफॅट, २००६ सालची. जुनी फॅट३२ही दोघांना चालते, पण तिच्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही. पुतणीच्या लग्नाची चित्रफीत त्याहून मोठी आहे, त्यामुळे ती बाद.

आणि आखणी बदलायची तर वही कोरी करावी लागते, हेच त्यातलं खरं दुखणं.

मी केलं ते असं. डिस्क परत जुन्या संगणकाला लावली. आतलं १४० जीबी त्यावर उतरवलं. दीड तासाहून जास्त लागला. मग फाइलींची संख्या दोन्हीकडे ताडून पाहिली. नुसत्या संख्येवर विश्वास नको, म्हणून आईच्या ओव्या त्या नव्या प्रतीतून सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकल्या. त्यानंतरच डिस्क तिथल्या तिथे एक्सफॅट केली आणि सगळं परत भरलं. आता दोन्ही यंत्रांवर चालते. एक पथ्य मात्र आहे: एक्सफॅट जरा नाजूक, मध्येच वायर उपसली तर बिघडू शकते. आधी 'इजेक्ट' करायचं, मगच काढायची.

कुणी चुकून फॉरमॅट केलंच असेल तर घाबरू नका, पण त्या डिस्कवर पुढे काहीही लिहू नका. झटपट फॉरमॅटमध्ये बहुधा अनुक्रमणिका फाटते, पानांवरचा मजकूर नवीन लिहीपर्यंत बराचसा तसाच असतो. जाणकाराकडे तशीच न्या. मिळेलच याची खात्री मात्र नाही.

आमच्या आजोबांच्या ट्रंकेत मोडीतले कागद होते. घरात कुणालाच वाचता येईनात. दोन वर्षांपूर्वी मोडी शिकलेल्या एका बाईंनी ते वाचून दिले, आणि शेताच्या बांधाचा एक जुना वाद आम्हाला कळला. लिपी गेली तरी कागद टिकला होता, म्हणून हे झालं. आजोबांना कुणी "नवी लिपी आली, जुने कागद धुवून घ्या" असं सांगितलं असतं तर?

असो. आता ओव्यांच्या तीन प्रती आहेत. एक डिस्कवर, एक जुन्या संगणकावर, आणि एक पेनड्राइव्ह नाशिकला धाकट्या बहिणीकडे पाठवलाय. ताई, पोचला का ते कळव. आणि नुसता कपाटात ठेवू नकोस, एकदा लावून ऐक. "दार लाव रे" हे मला होतं की दादाला, यावर आपलं अजून ठरायचंय.