रंग उडाला, कार्बन कुठे गेला?

पंचगंगेकाठच्या इचलकरंजीतल्या प्रोसेस हाऊसमध्ये सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग चढवायचा तर भरपूर मीठ आणि सोडा लागतो. कापडावर न बसलेला रंग त्या खारट, अल्कधर्मी पाण्यासकट ईटीपीत, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, येतो. तिथल्या जिवाणूंना तो सहजी पचत नाही.

यावरचा जुना उपाय फेंटनचा. लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची ही जोडी हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये मांडली. ती रंगाचे रेणू तोडते, पण पाण्याचा सामू ३ च्या आसपास असावा लागतो. म्हणजे आधी आम्ल ओता, नंतर चुना घाला आणि तळाशी साचलेल्या लोहयुक्त गाळाची सोय बघा. प्लांट चालवणाऱ्याला हा गाळच जड जातो.

धातूचे सुटे अणू वापरणाऱ्या एकाणू उत्प्रेरकांबद्दल मला खरी आशा वाटते ती म्हणूनच. चीनमधल्या दालियनचे संशोधक झांग ताओ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये लोहाच्या ऑक्साइडवर प्लॅटिनमचे सुटे अणू बसवून दाखवले; तिथून या विषयाने वेग घेतला. सांडपाण्यासाठी प्लॅटिनमची गरज नाही. कार्बनच्या जाळीत लोहाचा किंवा कोबाल्टचा एकेक अणू, बहुधा चार नायट्रोजनांच्या पकडीत, बसवतात. धातूच्या कणात आतले अणू बिनकामाचे राहतात; इथे जवळजवळ प्रत्येक अणू कामाला लागतो. यातले बरेच उत्प्रेरक उदासीन पाण्यातही चालतात आणि धातू जागेवर राहिला तर गाळही घटतो.

माझी तक्रार चाचणीबद्दल आहे. अनेक शोधनिबंधांत शुद्ध पाण्यात एकच रंग विरघळवतात आणि तो काही मिनिटांत उडाला की यश जाहीर करतात. अ‍ॅझो रंगातला दोन नायट्रोजनांमधला बंध तुटला की रंग जातो, पण बेंझिनची कडी असलेले तुकडे पाण्यातच राहतात. काही तर मूळ रंगाहून घातक असू शकतात. त्यात खऱ्या सांडपाण्यातलं क्लोराइड आणि बायकार्बोनेट रंग तोडणारे क्रियाशील मूलक मधल्या मध्ये खाऊन टाकतात. क्लोराइडमुळे क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगंही तयार होऊ शकतात. पेरॉक्साइडऐवजी परसल्फेट वापरलं तर आधीच खारट असलेल्या पाण्यात सल्फेटची भर पडते.

म्हणून अशा संशोधनाला पैसा देणाऱ्यांनी प्रोसेस हाऊसचं खरं पाणी वापरायला लावावं. रंगाच्या जोडीला एकूण सेंद्रिय कार्बन मोजायला लावावा आणि पुन्हा पुन्हा वापरल्यावर किती कोबाल्ट पाण्यात उतरला तेही. शिवाय उत्प्रेरक नुसती पूड असून भागणार नाही. गाळणीच्या थरात टिकणारे दाणे हवेत, नाहीतर ती पूड पाण्याबरोबर थेट नदीत जाईल.